करार, तह, संधी आणि मधेच तक्रार

प्रश्न असा आलाय की नेपाळची वीज भारतातल्या तारांवरून बांगलादेशला जायला लागली, त्या बातमीत एका ठिकाणी ‘त्रिपक्षीय करार’ होतं, दुसरीकडे ‘सामंजस्य करार’ आणि तिसरीकडे ‘वीज तह’, तर यातलं बरोबर कुठलं? आणि ‘सिंधू जल संधी’ मराठीत चालेल का?

शेवटचं आधी घेतो, कारण एप्रिल 2025 पासून ते ऐकून कान किटलेत. नाही चालणार. हिंदी बातमी समोर ठेवायची, त्यात ‘संधि’ दिसलं की वेलांटी दीर्घ करायची आणि दिलं पुढे ढकलून, याला भाषांतर म्हणत नाहीत. मराठीत संधी चालून येते, हुकते, कुणी ती साधतो. कौटिल्याच्या षाड्गुण्यात, म्हणजे परराष्ट्र धोरणाच्या सहा उपायांत, संधि पहिला आहे हे मला माहितीये, कृपया कोणी तो श्लोक पाठवू नका, आणि ‘शस्त्रसंधी’मध्ये तो जुना अर्थ आजही जिवंत आहे, पण तो समासात. सुटा ‘संधी’ वाचला की मराठी माणसाला मौकाच आठवणार. सरळ ‘सिंधू पाणीवाटप करार’ म्हणा. आणि तो ‘रद्द’ झाला असंही म्हणू नका, भारताने 23 एप्रिल 2025 ला तो स्थगित ठेवत असल्याचं जाहीर केलं. रद्द आणि स्थगित यातला फरक ज्याला कळत नाही त्याने परराष्ट्र धोरणावरच्या बातम्या लिहूच नयेत.

तह लढाईनंतर होतो. पुरंदरचा (1665), सालबाईचा (1782), आणि नेपाळचंच बोलायचं तर सुगौलीचा (1816), कारण त्याआधी इंग्रज आणि गोरखे लढले होते. युद्धात जिंकलं आणि तहात हरलं असं आपण म्हणतो ते उगाच नाही. मग ताश्कंद (1966) आणि सिमला (1972) युद्धानंतरचे असून करार कसे, असं कोणीतरी विचारणारच. तिथे तह म्हटलं असतं तरी चुकलं नसतं, पण तोवर वर्तमानपत्रांनी करार रूढ केला होता आणि तह शिवकाल-पेशवाईपुरता उरला होता. वीज विकत घ्यायला मात्र तह कशाला लागेल, कोण कोणावर चालून गेलं होतं?

आता करार, ज्यासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसलोय. अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला. मूळ धातूचा अर्थ एका जागी ठरणं, स्थिर होणं. म्हणून इकरार, आणि म्हणून ‘तारीख मुक्रर केली’ मधलं मुक्रर. जीव ठिकाणावर नसला की बेकरार. आपला ‘ठराव’ सुद्धा ‘ठरणे’वरून, म्हणजे दोन वेगळ्या भाषा एकाच वाटेने चालल्या, आणि उर्दूत ठरावाला ‘करारदाद’च म्हणतात, 1940 चा लाहोरचा ठराव पाकिस्तानात करारदाद-ए-पाकिस्तान म्हणूनच ओळखतात.

आणि तक्रार? दिसायला करारची सख्खी बहीण, पण नात्यातली सुद्धा नाही! करारमधला क अरबीत घशातून काढायचा, तक्रारमधला साधा, आणि त्या साध्या क वाल्या धातूचा अर्थ पुन्हा पुन्हा करणं. तेच तेच बोलत राहणं म्हणजे तक्रार, त्यातून उर्दूत हुज्जत, मराठीत गाऱ्हाणं. मुशायऱ्यात शेर आवडला की ‘मुकर्रर!’ म्हणतात, म्हणजे वन्स मोअर, ते या तक्रारीच्या घरातलं, आणि आपलं तारखेचं मुक्रर करारच्या घरातलं. मराठीने दोन्ही क एकच केले आणि दोन घराणी एकमेकांत मिसळली. ‘करार मोडला की तक्रार होते, म्हणून शब्द सारखे’ असं जे विद्वान सांगत फिरतात त्यांनी एकदा फारसी कोश उघडावा.

शब्दांचं नातं नसलं तरी व्यवहारात दोन्ही एकत्र नांदतात हे खरं. सिंधू करारात (1960) तक्रारीसाठी सुद्धा पायऱ्या आखून ठेवल्यात, आधी दोन्ही देशांचा सिंधू आयोग, तिथे नाही मिटलं तर तटस्थ तज्ज्ञ, नाहीतर लवाद. बगलिहार धरणाचा वाद तज्ज्ञाकडे गेला, किशनगंगा वीजप्रकल्पाचा लवादाकडे, आणि 1965 आणि 1971 ची युद्धं झाली तरी करार जागचा हलला नव्हता. ठरणं म्हणजे हे.

‘सामंजस्य करार’ हा शब्द मात्र मला मुळीच मान्य नाही, सरकारी परिपत्रकात असला तरी. सामंजस्याच्या कागदाने सहसा कोणी बांधलं जात नाही, कराराने जातं, दोन्ही एकत्र कसं? ‘सामंजस्य पत्र’ म्हणा. एवढ्याशा फरकाने काय होतं म्हणणाऱ्यांनी टनकपूर बघावं. महाकाली नदीवर भारताने तिथे बराज बांधला, त्याच्या बंधाऱ्याचं टोक 577 मीटर नेपाळच्या जमिनीत न्यायचं होतं, बदल्यात नेपाळला वीज आणि पाणी. डिसेंबर 1991 मध्ये नेपाळचे पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोईराला दिल्लीत येऊन मान्य करून गेले आणि त्यांचं सरकार म्हणायला लागलं की ही नुसती समझदारी (म्हणजे सामंजस्य) आहे, संसदेत न्यायची गरज नाही. (नेपाळीत सन्धि म्हणजे आपला करार, तिथे तो शब्द बरोबरच आहे.) नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाच्या सन्धिला संसदेची मंजुरी लागेल असं त्यांच्या 1990 च्या घटनेत होतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि डिसेंबर 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ही समझदारी नाही, सन्धि आहे! शेवटी 1996 मध्ये महाकालीचा मोठा करार झाला, टनकपूर त्यात घातलं आणि नेपाळच्या संसदेने तो दोन तृतीयांश मतांनी मंजूर केला. त्याच करारातलं पंचेश्वर धरण अजून उभं नाही ते वेगळं.

तुमच्या बातमीचं म्हणाल तर 3 ऑक्टोबर 2024 ला काठमांडूत तिन्ही देशांच्या वीज संस्थांनी 40 मेगावॉटच्या विक्रीवर सह्या केल्या, दर ठरला, मुदत ठरली, म्हणजे करार, त्रिपक्षीय करार. बिमस्टेक, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांच्या गटाचं, 2018 चं वीजजाळं जोडण्याबद्दलचं ते सामंजस्य पत्र.

राहिला ‘करारी’. करारी बाणा, करारी नजर. एका गृहस्थांनी ठासून लिहिलं होतं की हा संस्कृत ‘कराल’वरून आला. पटत नाही. कराल म्हणजे भयानक, अक्राळविक्राळ, आणि करारी माणूस भयानक नसतो, एकदा ठरवलं की हलत नाही एवढंच. ल चा र झाला म्हणायचं तर वाक्यात अर्थ कराल वरून करारी कडे सरकताना दिसलेला एखादा जुना मराठी कागद दाखवावा. तोवर मी करारी हा करारचाच धरणार, घशातल्या क वाला.