नावाजलेले विद्यापीठ, पण फंडिंगची हमी एकाच वर्षाची: पीएचडीसाठी कोणता प्रवेश स्वीकारावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मटेरियल्स इंजिनिअरिंगमधील पीएचडीसाठी अमेरिकेतील दोन विद्यापीठांनी तुम्हाला प्रवेश देऊ केला आहे. पहिले जगभर ओळखले जाणारे आहे, पण तिथे एका ठरावीक प्राध्यापकांच्या गटातच थेट प्रवेश आहे. आर्थिक साहाय्याची हमी फक्त पहिल्या वर्षाची असून पुढील साहाय्य ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ मिळेल, असे पत्रात म्हटले आहे. दुसरे एका लहान गावातील राज्य विद्यापीठ आहे. त्याचे नाव तुमच्या ओळखीत कोणी ऐकलेले नाही, पण ‘समाधानकारक शैक्षणिक प्रगती’च्या अटीवर ते पाच वर्षांच्या टीचिंग असिस्टंटशिपची (म्हणजे शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात विद्यावेतन व शुल्कमाफी) लेखी हमी देत आहे. घरच्यांचा कल पहिल्याकडे आहे आणि उत्तर १५ एप्रिलपर्यंत द्यायचे आहे.

माझे मत आधीच सांगतो. पहिल्या विद्यापीठाकडून दुसऱ्या वर्षापासूनच्या साहाय्याबद्दल स्पष्ट लेखी उत्तर मिळाले नाही, तर दुसरे स्वीकारावे. काही वर्षांपूर्वी जवळजवळ हीच दोन पत्रे माझ्यासमोर होती आणि मी पहिले निवडले होते, म्हणून हे इतक्या ठामपणे लिहितो आहे.

दोन्ही पत्रांत अट आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच. पण त्या दोन अटी एका जातीच्या नाहीत. ‘समाधानकारक शैक्षणिक प्रगती’ म्हणजे ठरलेली सरासरी राखणे (ती बहुतेक ठिकाणी ४ पैकी ३ असते), पात्रता परीक्षा वेळेत उत्तीर्ण होणे आणि नेमून दिलेले शिकवण्याचे काम नीट करणे. ही अट पाळणे तुमच्या हातात आहे. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ ही अट मात्र तुम्ही कितीही उत्तम काम केले तरी पाळता येत नाही, कारण तो निधी तुमच्या प्राध्यापकांना मिळेल की नाही हे वॉशिंग्टनमधील एखाद्या संस्थेतील परीक्षक ठरवतात. दोन प्रवेशांतील उणिवांची तुलना करताना मी प्रथम एवढेच पाहतो, की ही उणीव कोणाच्या हातात आहे. लहान गाव, पाच महिन्यांचा बर्फ, विमानतळापासून तीन तासांचे अंतर, क्रमवारीतील खालचे स्थान या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या पहिल्या दिवसापासून दिसतात आणि माणूस त्यांच्याशी जुळवून घेतो. परक्या माणसाच्या अनुदानाशी जुळवून घेता येत नाही.

माझ्या बाबतीत काय झाले ते सविस्तर सांगतो. माझे प्राध्यापक अत्यंत हुशार होते, वागायलाही चांगले होते आणि पहिल्या वर्षी पैशांची चणचण मला कधीच जाणवली नाही. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात त्यांनी आम्हा चार विद्यार्थ्यांना खोलीत बोलावून सांगितले, की ते विद्यापीठ सोडून एका कंपनीत जात आहेत. वरिष्ठ दोघांचे प्रबंध पूर्ण होत आले होते, त्यामुळे त्यांची सोय लागली. माझ्यासारख्याला विभागाने एक सत्र दिले आणि दुसरा मार्गदर्शक शोधायला सांगितले. थेट प्रवेशाचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला. विभागाने मला घेतलेच नव्हते. मला त्या एका माणसाने घेतले होते, आणि तो माणूस निघून जात होता. विभागाच्या टीचिंग असिस्टंटशिप ज्यांना हमी दिली होती त्यांना आधी मिळणार, हे न्याय्यच होते. शेवटी शेजारच्या विभागातील एका प्राध्यापिकेने मला घेतले. पण विषय बदलला, आधीचे सोळा महिन्यांचे काम प्रबंधात आले नाही आणि पदवीला साडेसात वर्षे लागली. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दर रविवारच्या फोनवर ते विचारत, ‘अजून किती राहिले?’, आणि त्या एका वर्षात माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखे उत्तर नव्हते.

यात कोणी दुष्ट नव्हते. प्राध्यापक संस्था बदलतात, सहाय्यक प्राध्यापकांना साधारण सहाव्या वर्षी कायम केले जाते किंवा निरोप दिला जातो, अनुदाने संपतात. हे सगळे तिथे नेहमीचे आहे. म्हणूनच साहाय्य कोणत्या पिशवीतून येते, हे समजून घेणे फार आवश्यक आहे. टीचिंग असिस्टंटचे पैसे सामान्यतः विभागाच्या पदवीपूर्व अध्यापनाच्या खर्चातून येतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे वर्ग आणि प्रयोगशाळा दरवर्षी चालवाव्याच लागतात, त्यामुळे तो झरा सहसा आटत नाही. रिसर्च असिस्टंटचे, म्हणजे प्राध्यापकांच्या संशोधनात काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे, पैसे प्राध्यापकांच्या अनुदानातून येतात. संशोधनाला निधी देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेचे नेहमीचे अनुदान बऱ्याचदा तीन वर्षांचे असते आणि पीएचडीला पाच-सहा वर्षे लागतात, म्हणजे तुमच्या काळात ते अनुदान किमान एकदा तरी नव्याने मिळवावे लागणार. शिकवण्याच्या कामामुळे संशोधनाचा वेळ जातो ही टीचिंग असिस्टंटशिपची उणीव मला मान्य आहे. सव्वाशे उत्तरपत्रिका तपासण्यात शनिवार-रविवार जातो.

साहाय्य मध्येच थांबले तर काय होते, याची कल्पना घरच्यांना बहुधा नसते. विद्यावेतन थांबते, एवढ्यावर ते भागत नाही. असिस्टंटशिपबरोबर शिक्षणशुल्काची माफी जाते आणि बऱ्याच ठिकाणी आरोग्यविम्याचा हप्ताही आपल्यावर येतो. परदेशी विद्यार्थ्याचे वर्षाचे पूर्ण शुल्क हजारो डॉलरांच्या घरात असते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि बाहेर परवानगीशिवाय अजिबात करता येत नाही, त्यामुळे ‘काहीतरी जोडकाम करून भागवू’ हा विचार तिथे लागू पडत नाही. पैशांअभावी पूर्णवेळ नोंदणी सुटली, तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या आय-२० या कागदावर जो निधी दाखवलेला असतो तो साधारण पहिल्या वर्षापुरताच असतो. तो पाहून ‘सरकारनेच मान्य केले आहे’ असे समाधान कृपया करून घेऊ नका.

हा धोका अलीकडे वाढला आहे, हेही सांगायला हवे. फेब्रुवारी २०२५ मध्ये वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने अनुदानांवरील अप्रत्यक्ष खर्च (इमारती, प्रशासन यांसाठी विद्यापीठाला मिळणारी रक्कम) १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्याची घोषणा केली. ती न्यायालयात अडवली गेली, पण त्या अनिश्चिततेत अनेक विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, आणि मार्च २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन वैद्यकीय विद्यालयाने जैववैद्यकीय पीएचडीसाठी देऊ केलेले प्रवेश मागे घेतले. तुमचे क्षेत्र वेगळे आहे, तरी अशा काळात एकाच प्राध्यापकांच्या अनुदानावर सहा वर्षे टांगून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

आता पहिल्या विद्यापीठाच्या बाजूनेही न्यायाने बोलले पाहिजे. नावाला किंमत नसते, असे मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून तिथेच प्राध्यापक झालेल्यांपैकी ८० टक्के लोक केवळ २० टक्के विद्यापीठांतून आलेले आहेत. अमेरिकेत प्राध्यापक होण्याचीच तुमची इच्छा असेल, तर हा आकडा गांभीर्याने घ्या. त्या एका वाटेवर मोठे नाव तुम्हाला जो दरवाजा उघडून देते तो लहान विद्यापीठातून उघडणे फार कठीण आहे. तुम्ही मात्र प्रश्नात बॅटरी किंवा सेमीकंडक्टर उद्योगात जायचे आहे, असे लिहिले आहे. तिथे नेमणूक करणारे लोक तुम्ही कोणती उपकरणे स्वतः हाताळली, कोणत्या पदार्थांवर काम केले आणि मार्गदर्शकांना ते ओळखतात का, हे विचारतात. माझ्या स्वतःच्या मुलाखतींत विद्यापीठाच्या नावावर एकही प्रश्न आला नाही, मात्र एक्स-रे विवर्तनाच्या आलेखावर पाऊण तास चर्चा झाली.

त्यामुळे या आठवड्यात पुढील गोष्टी करा. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या संकेतस्थळावर दिलेल्या अनुदानांचा शोध घेण्याची सोय सर्वांसाठी खुली आहे. तिथे पहिल्या विद्यापीठातील प्राध्यापकांचे नाव टाका; अनुदानाची रक्कम, सुरुवात आणि शेवटची तारीख दिसेल. चालू अनुदान तुमच्या पहिल्याच वर्षात संपत असेल तर ‘उपलब्धतेनुसार’ या शब्दाचा अर्थ तुम्हाला तारखेसकट कळेल. उलट, नव्या सहाय्यक प्राध्यापकांना मिळणारे पाच वर्षांचे ‘करिअर’ अनुदान त्यांना नुकतेच मिळालेले असेल तर माझे मत बरेच मवाळ होईल. ऊर्जा विभाग, संरक्षण खाते आणि कंपन्या यांचा निधी तिथे दिसत नाही, म्हणून यादी रिकामी दिसली तरी लगेच निष्कर्ष काढू नका, विचारा.

विचारण्यात संकोच नको. आपल्याकडे गाइडना पैशांविषयी विचारणे उद्धटपणाचे मानले जाते. मीही त्याच संकोचाने गप्प राहिलो होतो. तिथे हा प्रश्न अपेक्षित असतो. प्राध्यापकांना आणि विभागाच्या पदव्युत्तर प्रवेशप्रमुखांना एकच ईमेल पाठवा आणि त्यात तीन गोष्टी विचारा: दुसऱ्या वर्षापासून माझे साहाय्य कोणत्या स्रोतातून अपेक्षित आहे, अनुदान न मिळाल्यास किंवा प्राध्यापक विद्यापीठ सोडून गेल्यास विभाग मला टीचिंग असिस्टंटशिप देईल का, आणि गेल्या पाच वर्षांत या विभागातील किती विद्यार्थ्यांचे साहाय्य मध्येच थांबले. उत्तर फोनवर मिळाले, तर ‘आपल्या बोलण्याप्रमाणे मी असे समजतो’ असे लिहून त्यांना परत ईमेल करा. ‘काळजी करू नका, आजवर सगळ्यांची सोय झाली आहे’ हे उत्तर प्रेमाने दिलेले असले, तरी ती हमी नव्हे.

त्यांच्या सध्याच्या आणि आधीच्या विद्यार्थ्यांशीही बोला, शक्य असेल तर गट सोडून गेलेल्या एखाद्याशी. पदवीला सरासरी किती वर्षे लागतात, उन्हाळ्यात पगार मिळतो का, हे तेच खरे सांगतील. उन्हाळ्याचा मुद्दा दुसऱ्या विद्यापीठालाही विचारा, कारण पुष्कळ टीचिंग असिस्टंटशिप नऊ महिन्यांच्याच असतात आणि वार्षिक म्हणून सांगितलेली रक्कम तेवढ्याच काळाची असू शकते. मग प्रत्येक रकमेतून सत्रागणिक भरावे लागणारे इतर शुल्क, घरभाडे आणि विमा वजा करा. एमआयटीचे ‘लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर’ अमेरिकेतील प्रत्येक काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) राहण्याचा खर्च दाखवते. मोठ्या शहरातील जास्त वाटणारे विद्यावेतन आणि लहान गावातील कमी वाटणारे विद्यावेतन यांत महिनाअखेरीस उरणारी रक्कम अनेकदा उलटी निघते.

तारखेबद्दल निश्चिंत राहा. अमेरिकेतील कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ‘१५ एप्रिल ठरावा’वर सही केलेल्या विद्यापीठांनी देऊ केलेल्या आर्थिक साहाय्याला त्या तारखेपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. दोन्ही विद्यापीठे सही करणाऱ्यांच्या यादीत आहेत का, ते तपासा. पहिल्या प्राध्यापकांनी ‘येत्या शुक्रवारपर्यंत कळवा’ असे म्हटले असेल, तर ठरावाचा उल्लेख करून नम्रपणे वेळ मागा.

राहिला घरचा प्रश्न. माझ्या आईने नातेवाइकांना विद्यापीठाचे नाव आधीच सांगून टाकले होते, आणि मी पहिले विद्यापीठ निवडण्यामागे तेही एक कारण होते, हे मी आज मान्य करतो. तुमच्या वडिलांना दोन्ही पत्रांतील अटींची वाक्ये मराठीत लिहून दाखवा आणि कोणती अट कोण पाळू शकतो, हे त्यांनाच विचारा. ज्यांनी आयुष्यभर पगारावर घर चालवले आहे त्यांना ‘एक वर्ष पगार, पुढचे बघू’ या नोकरीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आणि निर्णय झाला, की ज्यांना नकार द्यायचा त्यांना त्याच दिवशी दोन ओळींचे आभाराचे पत्र पाठवा. १५ एप्रिलच्या रात्रीपर्यंत दोन्ही प्रवेश धरून ठेवू नका. प्रतीक्षायादीवर कोणीतरी रोज ईमेल उघडून पाहत बसलेले असते. मला माझा प्रवेश कोणाच्या तरी अशाच नकारामुळे १२ एप्रिलला मिळाला होता.