जर्मनीच्या गुप्त शस्त्रांचा माग ब्रिटिशांना नेमका कोणी लावून दिला?

‘जर्मनीच्या व्ही-१ आणि व्ही-२ या गुप्त शस्त्रांची माहिती ब्रिटिशांना कोणत्या गुप्तहेराने दिली?’ असे आपण विचारले आहे. दुसऱ्या महायुद्धातील ही शस्त्रे: व्ही-१ म्हणजे वैमानिकाविना उडणारा बॉम्ब आणि व्ही-२ म्हणजे लांब पल्ल्याचा अग्निबाण. त्यांची माहिती देणारा असा एकच गुप्तहेर नव्हता. हेरांच्या बातम्या होत्याच, परंतु बातमी खरी की हूल हे ठरवले ते टेबलाशी बसून हवाई छायाचित्रे वाचणाऱ्यांनी, आणि त्यांचे नाव कोणी घेत नाही, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

भूजल सर्वेक्षणात माझे बरेचसे आयुष्य स्टिरिओस्कोपसमोर गेले. शेजारशेजारच्या दोन छायाचित्रांतील सामाईक भाग त्याखाली धरला की जमीन उंचसखल दिसू लागते. साक्री तालुक्याच्या एका जोडीत मला एक बारीक काळसर रेघ दिसली. आमचे वरिष्ठ म्हणाले, ‘बाई, पाणंदीचा डोंगर करू नका.’ पण वापरातली पाणंद खोलगट दिसते; ही रेघ कण्यासारखी वर आलेली होती आणि तिच्या चढाकडच्या बाजूलाच विहिरींभोवती हिरवळ होती. तो डाइक होता, म्हणजे भूगर्भातील पाणी अडवणारी पाषाणाची भिंत. मी हट्टाने प्रत्यक्ष पाहणी करवून घेतली, तेव्हा चढाकडच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी होते आणि उताराकडच्या ठणठणीत कोरड्या होत्या. अहवालात मात्र ‘क्षेत्रीय पाहणीत आढळले’ एवढेच वाक्य आले. छायाचित्राचा उल्लेखही नव्हता.

आता पेनेम्युंडे. बाल्टिक किनाऱ्यावरील या जर्मन शस्त्र-चाचणी केंद्राचे नाव नोव्हेंबर १९३९ मध्ये ऑस्लोहून आलेल्या निनावी अहवालातही होते, पण तो बहुतेकांनी बाजूला सारला. मार्च १९४३ मध्ये इंग्लंडमधील ट्रेंट पार्क येथील बंदिवासात जर्मन जनरल फॉन टोमा सहकैद्याशी अग्निबाणांविषयी बोलला आणि ते बोलणे लपवलेल्या ध्वनिग्राहकांनी टिपले, तेव्हा शोधाला जोर आला. जून १९४३ मध्ये ब्रिटिश हेरखात्यातील शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांना पेनेम्युंडेच्या एका छायाचित्रात आडवा पडलेला अग्निबाण दिसला. तरीही चर्चिल यांचे विज्ञान-सल्लागार लॉर्ड चेरवेल ही हूल असल्याचे सांगत राहिले. घन इंधनावर एवढे अवजड अस्त्र उडणे अशक्य, हे त्यांचे गणित होते. जर्मनांनी अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजन वापरला होता. खुर्चीवर बसलेल्या विद्वानाला समोरचे छायाचित्र खोटे वाटते आणि स्वतःचे गणित खरे, हे मला मुळीच नवीन नाही.

१७-१८ ऑगस्ट १९४३ च्या रात्री ५९६ बॉम्बफेकी विमानांनी पेनेम्युंडेवर हल्ला केला. त्यानंतरचे काम मला अधिक मोलाचे वाटते. मेडमेनहॅम या ब्रिटिशांच्या हवाई छायाचित्रे वाचण्याच्या केंद्रातील कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या बाईंनी नोव्हेंबर १९४३ च्या छायाचित्रात, समुद्राकडे तोंड केलेल्या, शस्त्र सोडण्याच्या उतरंडीवर, ठिपक्याएवढी क्रुसासारखी एक आकृती शोधली. ते वैमानिक नसलेले विमान होते, म्हणजेच व्ही-१. त्याआधी फ्रान्समध्ये मिशेल ओलार या फ्रेंच हेराच्या माणसांनी जर्मन बांधकामांचे जे आराखडे पाठवले होते, त्यांतील उतरंडींचा अर्थ त्यामुळे पक्का झाला. हेराचा आराखडा आणि आकाशातून टिपलेले छायाचित्र एकमेकांवर बसले, तेव्हा कुठे तळांवर नेमके बॉम्ब टाकता आले.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. एवढे करूनही शस्त्रे थांबली नाहीत. जर्मनांनी साधे, झटपट उभारता येणारे तळ बांधले; १३ जून १९४४ ला पहिले व्ही-१ इंग्लंडवर पडले आणि ८ सप्टेंबरला लंडनवर पहिले व्ही-२. पेनेम्युंडेवरील हल्ल्यात वेठबिगार कामगारांच्या छावणीवरही बॉम्ब पडले आणि शेकडो माणसे मेली. पोलंडच्या भूमिगत सैनिकांनी पडलेल्या व्ही-२ चे भाग लपवून जुलै १९४४ मध्ये विमानाने इंग्लंडला पोहोचवले, तेही मी नाकारत नाही.

तरी कोणी ‘छायाचित्र पाहणे हे बायकांचे टेबलावरचे काम’ असे म्हणाला, तर त्याला पेनेम्युंडेची ती छायाचित्रे आणि एक भिंग द्यावे, आणि उतरंड कुठे आहे ते दाखवायला सांगावे.