तुटलेला फोर्क दुकानात परत देऊ नका

प्रश्न: मुलुंडच्या एका भगिनींनी पत्र पाठवले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. ‘माझ्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी अंधेरीच्या एका दुकानातून 18,500 रुपयांची स्टंट स्कूटर, म्हणजे पायाने ढकलायची, उड्या-कसरतींची बिनइंजिनाची स्कूटर, घेतली. चार महिन्यांत पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारा दोन पायांचा भाग) हलू लागला आणि उडी मारून उतरताना करकर आवाज येऊ लागला. फोर्क वॉरंटीत बसत नाही, पण आमच्या माणसाकडून मजबूत करून देतो, असे दुकानदार म्हणाले. त्यांनी 600 रुपये घेऊन फोर्कच्या दोन्ही पायांवर धातूच्या पत्त्या वेल्ड करून दिल्या आणि व्हॉट्सॲपवर फोटोसह लिहिले, “पत्ती मारून घेतली आहे, आता तुटणार नाही.” तीन आठवड्यांनी सोसायटीच्या चार पायऱ्यांवरून उडी मारताना फोर्क वेल्डिंग संपते तिथेच तुटला. मुलाच्या मनगटाचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून प्लेट बसवावी लागली. आता दुकानदार म्हणतात की स्कूटरमध्ये फेरफार झाल्यामुळे आमची जबाबदारी संपली. त्याच वेळी तुटलेला फोर्क आणून द्या, कंपनीला पाठवतो, नवा फुकट देतो, असाही आग्रह धरतात. दुरुस्तीच्या पावतीवर मुलाची सही आहे आणि खाली “काम ग्राहकाच्या जबाबदारीवर” असे छापले आहे. आम्ही काय करावे?’

उत्तर: बाकी सर्व गोष्टींना चार दिवस लागले तरी चालतील, पण एक गोष्ट आजच करायची आहे. फोर्क दुकानदाराला देऊ नका. नवा फोर्क फुकट मिळतो आहे, दुकानदार गोड बोलतो आहे, आपणही दमलेल्या आहात, हे सगळे मला समजते. परंतु या प्रकरणात तुमच्या बाजूने बोलणारा सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे तो तुटलेला धातूचा तुकडा आहे, आणि तो एकदा हातून गेला की नेमके काय व कशामुळे तुटले हे सिद्ध करण्याची वाट जवळजवळ बंद होते.

तुटलेले दोन्ही भाग एकमेकांना जोडून पाहू नका. असा मोह सर्वांनाच होतो, पण त्यामुळे तुटलेल्या पृष्ठभागावरच्या बारीक खुणा घासून जातात. पुसू नका, तेल लावू नका, घासून गंज काढू नका. दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढा. मग प्रत्येक तुकडा वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत, बुटांच्या खोक्यात मिळतात तशा ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह बंद करून ठेवा. मुंबईच्या दमट, खारट हवेत पोलादाचा उघडा पडलेला भाग काही दिवसांतच गंजतो आणि त्या गंजाखाली पुरावा झाकला जातो. डेक म्हणजे उभे राहायची फळी, हँडलबार, चाके, हेडसेटच्या म्हणजे हँडल फिरते त्या सांध्याच्या वाट्या, काहीच टाकून देऊ नका आणि नवा फोर्क बसवून स्कूटर पुन्हा वापरात आणू नका.

त्या खुणांना एवढे महत्त्व का, हे सांगतो. धातूविषयीचे अंतिम मत तज्ज्ञच देईल, पण अशा प्रकरणांत कोणता प्रश्न विचारायचा हे वकिलाला ठाऊक असावे लागते. वारंवार पडणाऱ्या भाराने जो भाग हळूहळू तडकत जातो, त्याच्या तुटलेल्या पृष्ठभागावर बहुधा एक गुळगुळीत, काळपट पट्टा दिसतो आणि त्यात ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा कमानी असतात. शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला भाग मात्र खरखरीत आणि चमकदार असतो. कमानी जिथून सुरू होतात तिथे तडा जन्मला. तो जर वेल्डिंगच्या कडेला जन्मला असेल, तर दुरुस्तीनेच फोर्क दुबळा केला असे म्हणता येते. तो पत्तीच्या आत दडलेल्या जागी जन्मला असेल, तर फोर्क दुकानात नेला तेव्हाच तडकलेला होता आणि तपासणी न करता त्यावर पत्ती मारून तडा झाकला गेला, असे म्हणता येते. दोन्ही बाबतींत बोट दुकानाकडेच जाते, मात्र कायद्यातले कारण बदलते.

फोर्क कोणत्या धातूचा आहे हेही पाहा. फ्रिजवरचे साधे चुंबक तुटलेल्या कडेपासून दूर, नळीला लावून बघा. चिकटले तर पोलाद, बहुधा क्रोमोली (क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद), आणि न चिकटल्यास बहुधा ॲल्युमिनियम. 6061-T6 या जातीच्या ॲल्युमिनियमची ताकद कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगच्या आचेने टाक्याशेजारचा पट्टा मऊ पडतो आणि त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. ती परत आणायची तर संपूर्ण भाग सुमारे 530 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात एकदम थंड करावा लागतो आणि त्यानंतर 160 ते 180 अंशांवर कित्येक तास ठेवावा लागतो. हे काम ग्रिल आणि गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात होत नाही. क्रोमोलीला वेल्डिंग चालते, पण त्याआधी रंग किंवा क्रोमचा थर घासून काढावा लागतो, योग्य तार वापरावी लागते आणि सांधा सावकाश थंड होऊ द्यावा लागतो, नाहीतर कडेचा धातू कडक व ठिसूळ होतो. शिवाय पत्ती जिथे एकदम संपते तिथे सगळा ताण एकवटतो. तुमचा फोर्क नेमका तिथेच तुटला आहे, ही गोष्ट पत्रात सहज येऊन गेली असली तरी मी तिच्याखाली दोनदा रेघ ओढली आहे.

आता कायद्याकडे वळू. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये कलम 82 ते 87 हे प्रकरण उत्पादनामुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीविषयी आहे. दुकानदार ज्या आधारावर हात झटकत आहेत तो कलम 87 मध्ये आहे: इजा झाली त्या वेळी वस्तूचा दुरुपयोग झालेला असेल, किंवा तिच्यात बदल अथवा फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-जबाबदारीचा दावा चालत नाही. हे त्यांना कोणीतरी सांगितलेले दिसते. पण त्याच्या आधीचे कलम 86 त्यांनी वाचलेले नाही. उत्पादक नसलेला विक्रेता केव्हा जबाबदार ठरतो हे तिथे दिले आहे, आणि त्यातील एक कारण असे की विक्रेत्याने स्वतः वस्तूत बदल केला आणि इजेला तो बदल मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरला. कलम 87 चे संरक्षण बाहेरच्या कोणाच्या हातून झालेल्या फेरफाराबद्दल विक्रेत्याला मिळते. स्वतः केलेला किंवा आपल्या माणसाकरवी करून घेतलेला, त्यासाठी पैसे घेतलेला फेरफार पुढे करून त्याला स्वतःचाच बचाव करता येईल, असा अर्थ लावला तर कलम 86 मधील ती तरतूद निरर्थक ठरेल. ग्राहक आयोगापुढे हाच युक्तिवाद ठामपणे मांडायचा आहे.

त्याच कलमातील आणखी दोन कारणे तुमच्या उपयोगाची आहेत. उत्पादकाच्या हमीहून वेगळी, स्वतःची स्पष्ट हमी विक्रेत्याने दिली आणि वस्तू त्या हमीस उतरली नाही, तर तो जबाबदार असतो. ‘आता तुटणार नाही’ हे तीन शब्दांचे वाक्य, फोटोसह, दुकानाच्या क्रमांकावरून आलेले, अशी हमी म्हणून मांडता येते. दुसरे कारण म्हणजे वस्तू जुळवताना, तपासताना किंवा तिची देखभाल करताना वाजवी काळजी न घेणे. फोर्क हलतो अशी तक्रार आली की पहिल्यांदा हेडसेट आणि तो घट्ट धरणारा वरचा कॉम्प्रेशन बोल्ट सैल आहे का हे पाहतात, कारण बऱ्याचदा दोष तिथेच असतो. मग फोर्क काढून नळी व जोड तडकला आहे का हे बघतात, आणि तडकला असेल तर तो बदलतात. तुमच्या पावतीवर यांपैकी कशाचीच नोंद नाही, फक्त ‘लेबर 600’ आहे. याशिवाय दुरुस्ती ही सेवा आहे आणि सदोष सेवेबद्दल किंवा धोक्याची पुरेशी सूचना न दिल्याबद्दल कलम 85 वेगळे आहे. म्हणून तक्रारीत दोन्ही भूमिका, विक्रेता आणि सेवा देणारा, स्पष्टपणे लिहाव्यात.

पायऱ्यांवरून उडी मारली हा दुरुपयोग झाला, असे ते म्हणतील. मला त्यात दम वाटत नाही. ही स्कूटर बाजारात जाण्यासाठी बनवलेली नाही. ती उड्यांसाठी बनवतात आणि उड्यांसाठीच विकतात. दुकानाच्या जाहिरातीत, खोक्यावर किंवा संकेतस्थळावर उडी मारणाऱ्या मुलांची चित्रे असतील तर त्यांचे आजच स्क्रीनशॉट घ्या. खोक्यावर वापरणाऱ्याच्या वजनाची मर्यादा छापलेली असते. मुलाचे वजन त्या मर्यादेत असल्याचे रुग्णालयाच्या कागदांतून दाखवता येईल. स्टंट करताना मूल पडू शकते हा धोका उघड आहे आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. पायाखालची स्कूटर मोडणे हा मात्र वेगळा धोका आहे, आणि ती मोडणार नाही असे सांगणारेच तुमच्यासमोर आहेत.

मुलाच्या सहीची काळजी सोडा. भारतीय करार कायद्याच्या कलम 11 नुसार अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, आणि अज्ञानाचा करार मुळातच शून्य असतो हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1903 मध्येच मोहरी बीबी प्रकरणात ठरवले आहे. पंधरा वर्षांच्या मुलाच्या सहीने ना त्याचा हक्क सुटतो, ना तुमचा. उलट, धोक्याचे काम करताना पालकांना फोन न करता मुलाची सही घेतली, ही बाब तक्रारीत आवर्जून लिहिण्यासारखी आहे.

तुमच्या बाजूच्या उणिवा मी झाकणार नाही. पत्ती मारल्यानंतरही आवाज येत होता का, मुलाने तो कोणाला सांगितला का, हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घातले होते का, मधल्या तीन आठवड्यांत त्याने किंवा मित्रांनी चाके अथवा बोल्ट बदलले का, हे प्रश्न उलटतपासात येणारच. मुलाला शांतपणे विचारा, रागावू नका, आणि जे खरे असेल ते त्याच्याच शब्दांत आज लिहून ठेवा. काही निष्काळजीपणा निघाला तर भरपाईची रक्कम कमी होऊ शकते, पण तेवढ्याने दावा बुडत नाही. लपवलेली गोष्ट नंतर बाहेर आली तर मात्र बुडू शकतो.

तक्रारीत कोणाला प्रतिपक्ष करायचे? दुकान मुख्य. वेल्डिंग करणाऱ्याचे नाव दुकानाला नोटिशीतून विचारा आणि कळल्यास त्यालाही सामील करा. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता असणे बंधनकारक आहे, म्हणून खोके जपा. कायद्यातील विक्रेत्याच्या व्याख्येत आयात करणाराही येतो. परदेशी उत्पादकाविरुद्ध मात्र हे वेल्डिंग खरोखरच अडथळा ठरेल, आणि मी तिथे फार शक्ती घालवणार नाही.

पहिले पाऊल म्हणजे लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही, पंधरा दिवसांची मुदत देऊन. तिच्यात एक वाक्य न चुकता घाला: फोर्क सुरक्षित ठेवला आहे आणि तुमचा प्रतिनिधी आमच्या समक्ष येऊन तो पाहू शकतो व फोटो काढू शकतो. यामुळे पुरावा दडवल्याचा आरोप उरत नाही. याच कारणासाठी स्वतःहून प्रयोगशाळेत नेऊन फोर्क कापून घेऊ नका. कापलेला नमुना दुसऱ्या बाजूला पुन्हा तपासता येत नाही आणि तुमच्या अहवालाची किंमत घटते. कलम 38 नुसार आयोग स्वतः नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि अहवालासाठी सर्वसाधारणपणे 45 दिवसांची मुदत असते. तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते, ते निकालात खर्च म्हणून मागता येते. तक्रारीसोबतच तसा अर्ज द्या.

मूल अज्ञान असल्याने त्याच्या वतीने आई किंवा वडील तक्रार करू शकतात. तक्रारदार राहतो तिथेही तक्रार दाखल करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर जिल्हा आयोग, वांद्रे पूर्व. ‘ई-जागृती’ पोर्टलवरूनही ती करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्यामुळे आयोगाचे शुल्क नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षे असते, पण अपघाताला चार महिनेही झाले नसताना थांबण्याचे काही कारण नाही. अशा तपासणीच्या प्रकरणात पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, ती तयारी ठेवा.

मागणी करताना रुग्णालय, औषधे, फिजिओथेरपी, पुढे प्लेट काढावी लागली तर तिचा अंदाजित खर्च, तुमची बिनपगारी रजा आणि मुलाला झालेला शारीरिक व मानसिक त्रास, हे वेगवेगळे लिहा आणि प्रत्येकाला कागद जोडा. स्कूटरची किंमत व 600 रुपये हे सदोष वस्तू आणि सेवा या शीर्षकाखाली मागा, कारण उत्पादन-जबाबदारीतील ‘हानी’च्या व्याख्येत त्या वस्तूचे स्वतःचे नुकसान येत नाही. व्हॉट्सॲपचा संदेश ज्या फोनमध्ये आहे तो विकू नका. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते, ते तुमचे वकील तयार करतील.

पोलिसांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवेल म्हणून लिहितो. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे आणि निष्काळजीपणाने ती घडवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली येते. तरीही फौजदारी निष्काळजीपणाची पातळी फार वरची असते. तज्ज्ञाचा अहवाल हाती येण्याआधी त्या वाटेने जाऊ नका.

तडजोडीला माझा विरोध नाही. आयोगातही कलम 37 खाली मध्यस्थीची सोय आहे. केवळ नवा फोर्क घेऊन ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका. दुकानदाराच्या आजच्या संदेशाला एवढेच उत्तर द्या: ‘फोर्क तपासणीसाठी आमच्याकडे जपून ठेवला आहे. आपण तो आमच्या समक्ष पाहू शकता. आमची लेखी नोटीस आपल्याला मिळेल. दुरुस्ती कोणी आणि कोणत्या पद्धतीने केली, ते कृपया लेखी कळवावे.’