‘बार्बेरियन’ हा भयपट मध्येच एकदम विनोदी का होतो? दिग्दर्शक भरकटला का?

(पुढे कथा फुटणार आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

भरकटला नाही. तळघरात तो भयानक खून होतो आणि पुढच्याच क्षणी कॅलिफोर्नियाचं लख्ख ऊन, उघडी मोटार, गाणं म्हणत चाललेला घरमालक एजे, ही जागा तुम्हाला खटकली असणार. जळगावात मेहरूण तलावावर आमच्या टोळक्याचीही याच जागेवरून जुंपली. ‘हाई काय शे रे भो?’ म्हणत अर्ध्यांनी पिक्चर तिथेच निकालात काढला.

मला विचाराल तर तिथे सूर बदलत नाही, घरात शिरणारा माणूस बदलतो. नायिका टेस आठवा. डेट्रॉईटमधलं भाड्याचं घर, रात्र, आत अनोळखी पुरुष. त्याने आणून दिलेल्या चहाला ती हात लावत नाही. वाईनची बाटलीही तो तिच्यासमोर उघडतो, तिला संशय नको म्हणून. (त्याच्या भूमिकेत ‘इट’ या भयपटात विदूषक झालेला नट घेतलाय. म्हणजे आपण मुद्दाम चुकीच्या माणसावर नजर ठेवावी.)

आता एजे. याच्यावर बलात्काराचा आरोप, पैशाची चणचण, म्हणून घर विकायला काढलेलं. त्याच तळघरात तो टेप घेऊन मोजमापं घेत सुटतो, तेवढेच चौरस फूट जास्त दाखवता येतील म्हणून! मळकी गादी, बादली, कॅमेरा असलेली ती खोली दिसते, तरी गड्याचं मोजणं चालूच. आमच्यातला प्लॉटची दलाली करणारा मित्र तिथे पोट धरून हसला. टेसला जिथे पावलोपावली जीव मुठीत धरावा लागतो तिथे याला जागेचा भाव दिसतो. हसू येतं ते त्याच्या निर्धास्तपणाचं, आणि तो निर्धास्तपणा चीड आणणारा आहे.

शिवाय दिग्दर्शक झॅक क्रेगर मूळचा विनोदी प्रहसनांतला. आपल्याकडे जत्रेतल्या तमाशात बतावणीला खदाखदा हसलेली माणसं वगात डोळे पुसतातच की. फरक इतकाच, तिथे पुढे काय येणार ते ठाऊक असतं.

पाण्याच्या टाकीवरच्या प्रसंगाबाबत मात्र मी विरोधी पार्टीत. एजे टेसला खाली ढकलतो, इथवर पटतं. पण तळघरात तो खून करणारी राक्षसी बाई, म्हणजे ती ‘आई’, मागोमाग उडी घेऊन तिला वाचवते तेव्हा मला भीतीही वाटली नाही, हसूही आलं नाही. भांडायचंच असेल तर त्या उडीवरून भांडा.