परसातल्या कोंबड्या गडगा ओलांडतात, पंख कापावेत का?

प्रश्न : आमचे घर सावंतवाडी तालुक्यात असून परसाला चार फूट उंचीचा चिऱ्यांचा गडगा आहे. दोन महिन्यांपूर्वी सहा गावठी तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि चार कडकनाथ कोंबड्या आणल्या. त्या गडग्यावरून शेजाऱ्यांच्या लाल माठाच्या वाफ्यांत उतरतात आणि तिन्हीसांजेला खुराड्यात न येता फणसावर चढून बसतात. पंख कापावेत असे काहींनी सुचवले आहे. तसे केल्यास कोंबडीला इजा होते का?

उत्तर : नीट कापल्यास इजा होत नाही, मात्र तो उपाय सर्वांत शेवटी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पंख कापलेली कोंबडी कुत्र्याच्या किंवा मुंगसाच्या तावडीतून उडून सुटू शकत नाही, आणि तुमच्या परसात हे दोन्ही येत असणार.

आधी कोंबडी गडगा कशी ओलांडते, ते एकदा जवळ उभे राहून पाहावे. ती एका झेपेत पलीकडे जात नाही; गडग्याच्या माथ्यावर उतरते, मान वाकडी करून पलीकडचा वाफा न्याहाळते आणि मगच खाली उडी घेते. म्हणजे तुमचा गडगा तिला अडवत नाही, उलट पायरी पुरवतो. त्यासाठी गडग्याच्या आतल्या बाजूने बांबू रोवून साडेसहा-सात फुटांपर्यंत जाळी चढवावी आणि तिच्या वरच्या कडेला आडवी काठी मुळीच बांधू नये. कड सैल, हलती राहिली की कोंबडीला पाय टेकायला जागा मिळत नाही. मासेमारीची जुनी जाळीही चालते, परंतु तिचा खालचा भाग ताणून बांधावा आणि रोज सकाळी पाहावा, कारण सैल जाळ्यात धामण अडकून मरते. कुंपणालगतची लाकडांची रास आणि फणसाच्या खाली आलेल्या फांद्याही काढाव्यात. गिरिराज, वनराज यांसारख्या जड कोंबड्यांना सहसा इतके करावे लागत नाही. गावठी आणि कडकनाथ अंगाने हलक्या असल्यामुळे सहज उडतात.

फणसावर बसणे हा त्यांचा हट्ट नव्हे. कोंबडीचा मूळ पूर्वज असलेला लाल रानकोंबडा रात्री झाडावरच बसतो, आणि ती उंचीची ओढ आजही टिकून आहे. तेव्हा खुराड्यातच तीन फुटांवर, अंडी घालण्याच्या खोक्यांपेक्षा उंच, दोन इंच जाडीची दांडी बसवावी आणि प्रत्येक कोंबडीला तिच्यावर आठ-नऊ इंच जागा मिळेल असे पाहावे. त्यानंतर दहा-बारा दिवस त्यांना दाणापाण्यासह खुराड्यातच ठेवावे. हे आणल्या-आणल्या व्हायला हवे होते, पण अजूनही उशीर झालेला नाही. पुढे सूर्यास्ताच्या तासभर आधी सोडावे आणि रोज त्याच वेळी, त्याच हाकेने, कणी टाकून आत घ्यावे. तरीही एखादी झाडावर राहिली, तर पूर्ण अंधार पडल्यावर तिला हळूच उतरवून दांडीवर ठेवावे. अंधारात तिला फारसे दिसत नसल्याने ती धडपडत नाही.

एवढे करूनही एखादी जुमानत नसेल, तर तिचा एकच पंख कापावा. दोन्ही कापल्यास तोल सांभाळला जातो आणि ती थोडीफार उडतेच. एकाने कोंबडी अंगाशी धरावी, दुसऱ्याने पंख पसरून टोकाकडची दहा लांब पिसे, त्यांच्यावरच्या आखूड पिसांची ओळ जिथे संपते तिथून, धारदार कात्रीने कापावीत. वाढ पुरी झालेले पीस नखासारखे असते, त्याला वेदना नसते. वाढत्या पिसाच्या नळीत मात्र रक्त असते. गावठी कोंबडीच्या फिकट पिसांत ही नळी निळसर दिसते. कडकनाथची नळी मुळातच काळसर असल्याने रंगावर विसंबू नये. पिसाच्या बुडाशी मेणासारखे वेष्टण दिसले, तर ते पीस तसेच सोडावे. चुकून रक्त आलेच, तर स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरावे.

प्रश्न : गेल्या वर्षी मी कोंबड्यांचे पंख कापले होते, त्या आता पुन्हा उडू लागल्या. कापण्यात चूक झाली का?

उत्तर : चूक झालेली नाही. कोंबडी साधारण वर्षातून एकदा पिसे टाकते आणि कापलेल्या पिसांच्या जागी पूर्ण लांबीची नवी पिसे येतात. ती पुरती वाढेपर्यंत थांबून मग पुन्हा कापावीत. तलंगांच्या बाबतीत तर पाच-सहा महिन्यांच्या होईपर्यंत पिसे बदलतच राहतात, म्हणून त्या वयात कात्री न लावता जाळीवरच भर द्यावा.