मॉकिटोत व्हेन लिहूनही नल येतं. मग सगळीकडे एनी टाकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जावाच्या टेस्टसाठी मॉकिटो या लायब्ररीनं दर देणाऱ्या सेवेचं मॉक (खोटी प्रतिकृती) केलं, व्हेन लिहून कोणता दर परत द्यायचा तेही सांगितलं, तरी टेस्टमध्ये नल (म्हणजे काहीच नाही) काहून यायलंय? सगळ्या आर्ग्युमेंटच्या जागी एनी (‘काहीही चालेल’) टाकलं की चालतं, एकाच जागी टाकलं की एक्सेप्शन येतं. मग सगळीकडे एनी टाकून मोकळं व्हावं का?

नका टाकू. मी लातूरला आडत दुकानांसाठी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या माल विक्रीचा हिशोब, काढायचं सॉफ्टवेअर लिहितो आणि या एका सवयीचे परिणाम मी मोंढ्यात उभं राहून पाहिलेत. ते पुढे सांगतो, आधी नल का येतं ते बघू.

व्हेनमध्ये तुम्ही साधी किंमत लिहिली, की मॉकिटो ती किंमत आणि खऱ्या कॉलमधली किंमत ईक्वल्सने (दोन गोष्टी समान आहेत का ते सांगणाऱ्या मेथडने) ताडून बघतं. जुळलं तर तुमचं उत्तर देतं. नाही जुळलं तर तक्रार न करता रिकामं उत्तर देतं: ऑब्जेक्ट असेल तर नल, आकडा असेल तर शून्य, लिस्ट असेल तर रिकामी लिस्ट. नल आलं तर निदान कळतं तरी. शून्य आलं तर टेस्ट तसाच पुढे जातो आणि भलत्याच ओळीवर पडतो, म्हणून ते जास्त वाईट.

आता ईक्वल्स का जुळत नाही? तुम्ही दर विचारताना स्वतःच्या क्लासचा ऑब्जेक्ट पाठवता असं लिहिलंय. त्या क्लासमध्ये ईक्वल्स लिहिलेलं नसेल, तर आतली माहिती अगदी सारखी असली तरी दोन वेगळे ऑब्जेक्ट जावाच्या लेखी वेगळेच. जावा १६ किंवा पुढची आवृत्ती असेल तर त्या क्लासचा रेकॉर्ड करा, ईक्वल्स आयतं मिळतं. माझा अंदाज आहे की तुमचं दुखणं इथंच आहे.

रकमांचं काम असेल तर आणखी एक जागा बघा. बिगडेसिमल या जावाच्या दशांश आकड्यांच्या प्रकारात ४३५०.० आणि ४३५०.०० हे ईक्वल्सने समान नसतात, कारण दशांशानंतरचे अंकही त्यात धरले जातात. फक्त किंमत ताडणाऱ्या कंपेअरटूने मात्र ते समान ठरतात. माझा एक अख्खा दिवस यात गेला होता. क्विंटलचा भाव डोळ्यांना तोच दिसत होता आणि टेस्ट लाल. यासाठी मॉकिटोच्या ॲडिशनलमॅचर्समध्ये सीएमपीईक्यू आहे, तो कंपेअरटूने ताडतो.

एकाच जागी एनी टाकल्यावर एक्सेप्शन का येतं, हे समजून घेण्यासारखं आहे. एनी ही काही खास किंमत नाही. तो एक मेथड कॉल आहे. तो मॉकिटोच्या आतल्या वहीत ‘इथं काहीही चालेल’ अशी नोंद, म्हणजे मॅचर, करतो आणि स्वतः नल परत देतो. मग जावा तो नल आणि तुमची साधी किंमत घेऊन मॉकची मेथड बोलावते. मॉकिटो वही उघडतं: आर्ग्युमेंट दोन, नोंद एक. ही नोंद पहिल्याची की दुसऱ्याची, हे कळायला त्याच्याकडे मार्ग नाही. म्हणून ते ‘दोन मॅचर हवे होते, एकच नोंदला गेला’ अशा अर्थाचा निरोप देऊन थांबतं. नियम त्यातूनच निघतो: एक जरी मॅचर वापरला तर बाकीच्या साध्या किमती ईक्यू या ‘नेमकी हीच किंमत’ म्हणणाऱ्या मॅचरमध्ये गुंडाळायच्या. पायथनच्या मॉकमध्ये ही अडचण नाही, कारण तिथला एनी हा खरोखरचा ऑब्जेक्ट आहे आणि समानता विचारली की तो प्रत्येकाला ‘हो’ म्हणतो. जावात मेथडला इंट हवा असेल तिथं नुसता एनी टाकला तर त्याच्या नलमुळे नलपॉइंटर येतो. तिथं एनीइंट लिहा.

आता मोंढ्यातली गोष्ट. आमच्याकडे पट्टी झाली की निरोप पाठवणारी एक मेथड होती: शेतकऱ्याचा मोबाईल, खरेदीदाराचा मोबाईल, रक्कम. दोन्ही मोबाईल स्ट्रिंग. टेस्टच्या व्हेरिफायमध्ये, म्हणजे तो कॉल झाला का ते तपासताना, मी दोन्हीकडे एनीस्ट्रिंग टाकला होता. पुढे कोड आवरताना दोन्ही नंबरांची अदलाबदल झाली. टेस्ट सगळे हिरवे. सोयाबीनची आवक जोरात असताना शेतकऱ्यांच्या हिशोबाचे निरोप खरेदीदारांच्या फोनवर गेले. हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती पडणार, हे विचारायला माणसं खिडकीवर ताटकळत उभी राहिली. दोन्हीकडे ईक्यू असता तर ती चूक माझ्या टेबलावरच सापडली असती.

तेव्हापासून मी असं करतो. व्हेनमध्ये, त्या टेस्टला ज्या आर्ग्युमेंटशी काही देणंघेणं नाही तिथं एनी चालतो. पण निरोप जाणं, पैसे वर्ग होणं असा कॉल हाच कामाचा निकाल असेल, तर व्हेरिफायमध्ये प्रत्येक किंमत नेमकी लिहायची. ऑब्जेक्ट मोठा असेल आणि त्यातली दोनच फील्ड महत्त्वाची असतील, तर आर्ग्युमेंटकॅप्टरने तो पकडून ती दोन फील्ड तपासा. आर्गदॅटमध्ये अट लिहूनही भागतं, पण कॅप्टरनंतर कोणतं फील्ड चुकलं ते सरळ दिसतं, म्हणून मला तो बरा वाटतो. एवढं ध्यानात ठेवा की कॅप्टर नक्कल ठेवत नाही, मूळ ऑब्जेक्टच धरून ठेवतो. कॉलनंतर कोडने लिस्ट रिकामी केली, तर तुमच्या हातीही रिकामीच येते.

टेस्ट चालवायला तुम्ही जेयुनिट ५ वापरत असाल तर टेस्ट क्लासवर मॉकिटोएक्स्टेन्शन लावा आणि एनी काढून टेस्ट परत चालवा. त्याच्या कडक पद्धतीत आर्ग्युमेंट जुळलं नाही की नल हातात पडत नाही. तुम्ही काय सांगितलं होतं आणि कोडने काय पाठवलं, हे दोन्ही दाखवून टेस्ट तिथंच थांबतो. तो मजकूर इथं टाका, पुढचं मिळून बघू.