स्किन डायव्हिंगमधलं 'स्किन' आलं कुठून?

हवेची टाकी न लावता, नुसता दम धरून पाण्याखाली जाताना अंगात रबरी वेटसूट असतो, तरी त्याला स्किन डायव्हिंग का म्हणतात, असं तुम्ही विचारलंय. यातलं 'स्किन' म्हणजे उघडं अंग. पण उघड्या अंगाने बुडी मारणं तर माणूस हजारो वर्षं करत आलाय, त्याला वेगळं नाव द्यायची गरजच नव्हती ना, मोबाईल आल्यावर जसं घरातल्या साध्या फोनला लँडलाइन म्हणावं लागलं तसंच हे झालं.

इथे मोबाईलच्या जागी होता हेल्मेटवाला पोशाख. 1830 च्या दशकात इंग्लंडमध्ये ऑगस्टस सीबेने तो बनवला, तांब्याचं मोठं हेल्मेट, त्याला जोडलेला रबर लावलेल्या कापडाचा बंद सूट, पायात शिशाचे बूट आणि वरच्या बोटीतून पंपाने नळीतून हवा. त्यात पाणी अंगाला लागतच नाही. ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरचे स्पंज काढणारे पाणबुडे आधी हातात चपटा दगड धरून नागडेच खाली जायचे, 1860 च्या दशकात तिथे हा पोशाख पोचला आणि जास्त खोल, जास्त वेळ राहायला लागल्यामुळे कित्येक जण लुळे झाले, कित्येक मेले. मला या सगळ्या इतिहासात हेच सगळ्यात जास्त लागतं.

तर असा पोशाख न घालता बुडी मारणारा तो स्किन डायव्हर.

पुढे गंमत अशी की 1943 मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग, म्हणजे पाठीवरच्या टाकीतून हवा देणारं उपकरण, बनवलं, तरी पाठीवर टाकी लावणाऱ्यालाही अमेरिकेत बरीच वर्षं स्किन डायव्हरच म्हणत होते, कारण त्याच्याही अंगावर हेल्मेटवाला पोशाख नव्हता! 1951 साली तिथे 'स्किन डायव्हर' नावाचं मासिक निघालं, त्यात टाकीवालेही असायचे. हवा सोबत नेऊन पाण्याखाली श्वास घ्यायच्या अशा उपकरणाला स्कूबा हे नाव ख्रिश्चन लॅम्बर्टसनने 1952 मध्ये दिलं, ते पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून झालंय, आणि ते रुळल्यावर मग 'स्किन' फक्त दम धरून जाणाऱ्यांकडे उरलं. निओप्रीन या रबराचा वेटसूटही त्याच सुमाराचा, पण तोवर नाव पक्कं बसलं होतं, आणि तसंही वेटसूटमध्ये पाणी अंगापर्यंत येतंच. म्हणून पन्नासच्या दशकातलं काही वाचताना हा शब्द दिसला तर टाकी आहे की नाही ते आधी बघा.

आणि मालवणला मास्क आणि लाइफ जॅकेट घालून तरंगत खाली बघतात ते स्नॉर्केलिंग, तोच मास्क लावून जॅकेटशिवाय दम धरून खाली गेलात की झालं स्किन डायव्हिंग, फक्त ते शिकवणाऱ्या माणसासोबतच करा, एकट्याने अजिबात नको.